धाकट्याच्या शब्दावर

रंगाच्या दुकानात मला पोपडे म्हणतात. ते माझं आडनाव नाही. सात वर्षांपूर्वी दातांच्या एका दवाखान्यात आम्ही रंगवलेल्या भिंतीचा रंग चार महिन्यांत पोपडे सुटून खाली आला, आणि तेव्हापासून हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. रंग टिकला नाही, नाव मात्र टिकलं. सकाळी नऊला काउंटरवर दहा-बारा रंगारी उभे असतात, तेव्हा शेठ मुद्दाम मोठ्याने विचारतो, "बोला पोपडे, आज काय देऊ?" मग बाकीचे दात काढतात. त्यातले निम्मे माझ्याकडे ब्रश कसा धुवायचा ते शिकलेत.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. आम्ही वीस वर्षं एकाच शिडीवर काम केलं. दादा वर, मी खाली. गेली सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नाही. समोरून आला तर तो रस्ता ओलांडतो, आणि त्याने नाही ओलांडला तर मी ओलांडतो. तो शाळा, दवाखाने, मोठमोठे हॉल रंगवतो. माझ्या वाट्याला ग्रिल, दारं आणि संडास.

आमचे वडील, अण्णा, ते पण रंगारीच. त्यांनी आम्हाला एक शिस्त लावली होती. भिंतीवर पुट्टी झाली, घासून झाली, की प्रायमर मारायच्या आधी भिंत कोरडी आहे का ते बघायचं. हाताने नाही. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला डकवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला, पाण्याचे थेंब दिसले की भिंतीत ओल आहे. मग रंगाचं नाव काढायचं नाही, आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. थेंब नसले तर ज्याने बघितलं त्याने भिंतीवरच पेन्सिलीने लिहायचं. काय बघितलं, कसं बघितलं, तारीख. प्रायमर मारणाऱ्याने त्याच्या खाली आपलं लिहायचं. मग वरून प्रायमर, वरून रंग, आणि ते लिहिलेलं कुणालाच दिसत नाही. गिऱ्हाइकाला कधी पत्ताच लागायचा नाही. मी लहानपणी विचारलं होतं, दिसतच नाही तर लिहायचं कशाला? अण्णा म्हणाले, "दिसेल तेव्हा तुझी गंमत बघायला मी नसेन."

लोकांना वाटतं रंग डब्यातून येतो. रंग येतो घासण्यातून. जुन्या चुन्यावर प्लॅस्टिक पेंट मारतात आणि सोललं की रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. चकचकीत ऑइलपेंटवर पॉलिशपेपर न फिरवता दुसरा हात देतात, आणि नखाने ओरखडा निघाला की रंगाऱ्याला फोन. भर उन्हात तापलेल्या भिंतीवर ब्रश चालवतात, मग विचारतात, अहो, हे फुगे कसले? न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके आले की वरून पांढरा रंग फासतात. ठिपके आधी ब्लीचच्या पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि खिडकी उघडी ठेवायची, हे सांगितलं तर मलाच म्हणतात की तुम्हाला काम वाढवायचंय. तीस वर्षं हे ऐकतोय. डोकं फिरतं.

दवाखान्याची ती भिंत सोलली, तेव्हा तिथला म्हातारा डॉक्टर थेट दुकानात आला आणि सगळ्यांसमोर आम्हा दोघांना बोलला. दादा एवढंच म्हणाला, "भिंत ओली होती. बघणारा मी नव्हतो." माझ्या अंगाची आग झाली. मी म्हणालो, "भिंत कोरडी ठणठणीत होती. प्रायमरला पाणी कुणी घातलं ते विचारा याला. पन्ह्यासारखं पातळ केलं होतं." दादा थोरला, कमी बोलणारा, त्यामुळे सगळ्यांनी त्याचं खरं मानलं. डॉक्टरने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही. रागारागाने त्या भिंतीवर लाकडी फळ्या ठोकून घेतल्या आणि वर दातांचं एक मोठं चित्र लावलं. म्हणजे आमचं पेन्सिलीचं लिहिणं फळ्यांच्या मागे बंद झालं. माझा पुरावा तिथे होता आणि मला त्याला हात लावता येत नव्हता. सात वर्षं मी रोज हे म्हणत झोपलोय. बायको म्हणायची, "सोडा ना आता." मी तिच्यावरही खेकसायचो.

गेल्या शुक्रवारी शेठने मला काउंटरवर थांबवलं. "पोपडे, तुझ्यासाठी खास काम आहे. दातांचा दवाखाना. म्हातारा गेला गावाला, नवी डॉक्टरीण आली. फळ्या काढल्यात तिने. म्हटलं, ज्याची भिंत त्यालाच पाठवावं."

सगळे हसले. मला मात्र एकदम आनंद झाला.

"जातो," मी म्हणालो. "पण एक अट आहे. रविवारी अकरा वाजता तुम्ही स्वतः तिथे यायचं. आणि दादाला घेऊन यायचं. भिंतीवर लिहिलेलं आहे कोणी काय केलं ते. तुमच्यासमोर उघडतो. आणि त्यात माझी चूक नसली, तर पुन्हा मला पोपडे म्हणायचं नाही."

शेठने भुवया वर केल्या. "आणि असली तर?"

"असणारच नाही," मी म्हणालो.

शनिवारी मी भिंत बघून आलो. डॉक्टरीण तिशीची असेल, बोलण्यात धार. "काका, बुधवारपासून माझे पेशंट आहेत. याआधी ज्याने कुणी हे केलंय ना, त्याला धरून आणायला पाहिजे." मी भिंतीकडे वळलो.

भिंतीची दशा बघवत नव्हती. खालून दोन फूट ओलीबरोबर आलेल्या क्षाराचा पांढरा लोणा फुललेला, हात लावला की भुरभुर पडत होता. कोपऱ्यात काळी बुरशी. मध्ये रंगाचे मोठमोठे फुगे, काही फुटून लोंबत होते. पलीकडच्या खोलीत पेशंटने चूळ भरायचं बेसिन होतं. त्याच्या खाली वाकून बघितलं तर भिंतीत शिरणाऱ्या पाइपच्या वळणाला पाझर. बारीक, पण सतत. भिंत पाणी पीत होती. हा पाझर नवा असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सात वर्षांपूर्वी नसणार. आम्ही लिहायचो ती जागा मला माहीत होती, लाइटच्या बटणांच्या डावीकडे, छातीच्या उंचीवर. तिथे पसाभर रुंदीचा एक फुगा अजून शाबूत होता. त्याच्या खाली सगळं लिहिलेलं होतं. खरवडायच्या पत्तीचं टोक घालून उचललं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. मी उचललं नाही. मला इतकी खात्री होती की आधी एकटं बघून घ्यावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी दोघं आले. शेठ दारातच थांबला, नाकाला रुमाल लावून. त्याला धुळीने शिंका येतात; रंगाचं दुकान चालवतो आणि धूळ सोसत नाही. डॉक्टरीण आतल्या खोलीत फोनवर नळवाल्याला झापत होती. दादा आत आला, भिंतीसमोर उभा राहिला. म्हातारा दिसायला लागला होता. ते बघून मला दया यायला हवी होती. नाही आली.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"भिंत उघडायला बोलावलंस ना? उघड."

"घाई कसली? सात वर्षं थांबलास."

"मी नाही थांबलो," दादा म्हणाला. "मी कामं केली."

शेठ दारातून ओरडला, "अरे, भांडायचं असेल तर बाहेर जाऊन भांडा. उघड ते."

मी फुग्याच्या कडेला पत्ती लावली. रंग आणि त्याच्याबरोबर प्रायमरचा पापुद्रा, दोन्ही एकदम अलगद सुटून आले. खाली पुट्टी होती, पिवळट पडलेली. आणि पुट्टीवर पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी.

वरचं अक्षर माझं, उभं, मोठं. 'नऊ तारीख. प्लॅस्टिक लावून पाहिली. कोरडी.'

खाली दादाचं बारीक तिरकं. 'दहा तारीख. मी पाहिली नाही. धाकट्याच्या शब्दावर प्रायमर मारला.'

माझंच अक्षर बघितलं आणि तो दिवस जसाच्या तसा समोर आला. त्या दिवशी प्लॅस्टिकची गुंडाळी घरी राहिली होती. सायकलवरून जाऊन आणायला अर्धा तास. ऊन रणरणत होतं. मी हाताची उलटी बाजू भिंतीला लावली. भिंत गार लागली आणि मला बरं वाटलं. गार भिंत म्हणजे ओली भिंत, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी पेन्सिल काढली आणि लिहिलं, प्लॅस्टिक लावून पाहिली. नुसता आळस. दुसरं काही नाही. मग इतकी वर्षं मी स्वतःला एवढ्यांदा सांगितलं की बघितली, की मला प्लॅस्टिकही दिसायला लागलं, त्याच्या चारी कडांच्या चिकटपट्ट्यासुद्धा.

"काय लिहिलंय?" शेठने दारातून विचारलं.

दादाने डोळे बारीक केले. "मला नाही दिसत. चष्मा घरी राहिला. वाच तू."

मी मागे वळून शेठकडे बघितलं. तो रुमालाआडून मोठ्या उत्सुकतेने बघत होता. उद्या सकाळी नऊला हा काउंटरवर काय काय सांगेल, ते मला ऐकू यायला लागलं. आणि जीभ चालली.

"वरचं माझं आहे," मी म्हणालो. "नऊ तारीख. प्लॅस्टिक लावून पाहिली. कोरडी." इथपर्यंत खरंच होतं, लिहिलेलं तेच. मग मी थांबलो नाही. "खालचं दादाचं. प्रायमरला पाणी जास्त झालं. चालून जाईल."

मी भिंतीकडेच बघत होतो. दादाकडे बघायची माझी छाती नव्हती. त्या ओळी त्यानेच लिहिल्या होत्या. त्याला वाचायची काय गरज?

"काय रे," शेठ दादाला म्हणाला, "असं लिहिलं होतंस?"

दादा म्हणाला, "तो वाचतोय ना? मग तसंच असेल. धाकट्याच्या शब्दावर."

त्याने अंगावरची धूळ झटकली आणि निघाला. पाठमोरा झाला तेव्हा मला त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून चष्म्याची काडी बाहेर आलेली दिसली. घरी वगैरे काही राहिला नव्हता. तो मला वाचायला लावून बघत होता.

शेठ आत आला, धुळीची पर्वा न करता, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सात वर्षं उगीच बोललो रे तुला. आजपासून कुणी पोपडे म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे." मग त्याला शिंकांची उबळ आली आणि तो शिंकत शिंकत बाहेर गेला.

जे ऐकायला सात वर्षं तडफडलो, ते ऐकलं. मी लिहिलेल्या जागेकडे पाठ केली.

डॉक्टरीण फोन ठेवून आली. "नळवाला दुपारी येतोय. मग काका, बुधवारपर्यंत रंग होईल ना?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? मी बुधवारी पेशंट बोलावलेत!"

"पेशंटना तोंड उघडून छताकडेच बघायचं असतं, बाई. भिंत थांबेल. आधी पाइप बदलायचा. मग सगळी पुट्टी खरवडायची. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाणी नाही लावायचं, पाण्याने तो परत आत जातो. मग भिंत वाळू द्यायची. महिनाही लागेल. मधेच रंग मारला तर चार महिन्यांत पुन्हा असंच."

"तुम्हाला काय माहीत चार महिनेच?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो. ती रागाने आत गेली आणि दार आपटलं. बरोबरच होतं तिचं.

मी खरवडायला सुरुवात केली. खालून वर आलो. दुपारपर्यंत सगळी भिंत उघडी झाली, बटणांच्या डावीकडची पसाभर जागा सोडून. तिच्यावर पत्ती फिरवायची, दोन मिनिटांचं काम. पावडर होऊन खाली पडली असती, झाडून पोत्यात भरली असती, संपलं. मी पत्ती टेकवली आणि उचलली. पुन्हा टेकवली. अण्णांचा मला भयंकर राग आला. दादाचाही आला. सरळ तोंडावर खोटारडा म्हणाला असता तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तेही नाही केलं त्याने. दुसऱ्यांदा माझ्या शब्दावर गेला, आणि या वेळी शब्द खोटा आहे हे माहीत असून गेला.

ओलीने पुट्टीची पकड सुटलेलीच होती. मी पत्ती आडवी धरून लिहिलेल्या जागेच्या मागे हळूहळू सरकवली आणि तो तुकडा अख्खा काढला, पाटीएवढा. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत उभा ठेवला. घरी येईपर्यंत सायकल हातात धरून चालत आलो, तुटू नये म्हणून. बायकोने विचारलं, काय आहे? म्हटलं, काही नाही, भिंत आहे.

सोमवारी सकाळी नऊला दुकानात गेलो. नेहमीची गर्दी. दादा काउंटरच्या टोकाला उभा होता, चष्मा नाकावर. शेठने मला बघितलं आणि दोन्ही हात पसरले. "या, या, रंगारीसाहेब! ए, जागा द्या रे त्यांना!"

कुणी हसलं नाही. उलट दोघांनी सरकून मला जागा दिली. म्हणजे रविवारची बातमी पोचली होती. दादाकडे कुणी बघत नव्हतं. वीस वर्षं ज्याच्यासमोर माना खाली घालायचे, त्याच्याकडे पाठ करून उभे होते.

मी वर्तमानपत्र सोडलं आणि तुकडा काउंटरवर ठेवला.

"शेठ, चष्मा लावा. मोठ्याने वाचा."

"अरे, वाचलंस की तू काल."

"मी वाचलं. आता तुम्ही वाचा."

शेठने चष्मा लावला, तुकडा उजेडाकडे फिरवला आणि वाचायला लागला. पहिली ओळ सगळ्यांना ऐकू आली. दुसरी ओळ वाचताना त्याचा आवाज बसत गेला. 'मी पाहिली नाही. धाकट्याच्या शब्दावर प्रायमर मारला.'

"आणि वर जे माझं लिहिलंय, ते खोटं आहे," मी म्हणालो. "प्लॅस्टिक लावलंच नव्हतं. कंटाळा केला. आणि काल जे वाचलं, ते दुसरं खोटं."

मागून कुणीतरी शिवी दिली. बरोबर होती. शेठने तुकडा परत काउंटरवर ठेवला. त्याला मला काय म्हणून हाक मारावी, तेच कळेना.

"पोपडेच म्हणा," मी म्हणालो. "सात वर्षं चुकीचं म्हणत नव्हतात."

मला वाटलं आता दादा काहीतरी बोलेल. सगळ्यांनाच वाटलं. दादा शेठला म्हणाला, "शंभर नंबरचे पॉलिशपेपर द्या चार."

शेठने दिले. दादाने ते दुमडून पिशवीत टाकले. मग काउंटरवरून तो तुकडा उचलला, लिहिलेल्या बाजूकडे बघितलंही नाही. उलटा केला आणि त्याच्या पाठीला अंगठा लावला. अंगठ्याला ओल आली. ती त्याने माझ्या शर्टाला पुसली, सगळ्यांसमोर.

"अजून पाणी आहे तिच्यात," तो म्हणाला. सात वर्षांत माझ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं कामाचं वाक्य. "पाइप झाला का?"

"काल दुपारी झाला."

"महिना जाऊ दे. मग प्लॅस्टिक लाव. एक दिवस राहू दे. काढायचं नाहीस तू." तो दाराकडे वळला. "मी येऊन काढीन. या वेळी मी बघणार."

"ये," मी म्हणालो.

तो रस्ता न ओलांडता माझ्या सायकलला वळसा घालून गेला. मी शेठकडे प्लॅस्टिकची गुंडाळी मागितली.